सही कोण करणार?

सोमवार, ३ तारीख

भिंगरे,

तुझं कार्ड आलं. सहा वर्षांनी आलं! मी ते कारखान्याच्या दारातच वाचलं, मग खळीच्या बादलीशेजारी वाचलं, मग डब्याच्या सुट्टीत वाचलं. कोपऱ्याला खळ लागली ती लागलीच. चार वाक्यं. "जहाजावर फिटरचं काम मिळालं. २८ तारखेला सकाळी जहाज सुटतंय. दोन वर्षांनी परत. सुट्टी मिळाली तर ये." पहिल्या तीन वाक्यांना मी नाचले. चौथं टोचलं. टोचावं म्हणूनच लिहिलंयस, तेवढं मला कळतं.

माझी बहीण जगाला फेरी घालणार! अगं, आपण दोघींनी त्या एका शेडमध्ये किती पृथ्व्या केल्या असतील? मी नकाशाच्या कागदी पट्ट्या चिकटवायच्या, तू आस घालून गोल स्टँडवर चढवायचा. आपले पृथ्वीगोल कुठल्या कुठल्या शाळांत जाऊन बसले, आणि आपण मात्र शेड ते खोली, खोली ते शेड. पृथ्वी बनवणाऱ्याला पृथ्वीवर कुठे जायची सोय नाही, यापेक्षा मोठा विनोद मी एवढी पुस्तकं वाचली त्यात सापडला नाही.

फोनच करणार होते. पण नंबर तू बदललास आणि नवा दिला नाहीस, पत्ता तेवढा दिलास. म्हणजे मी लिहावं, बोलू नये. बरोबर आहे. मी बोलायला लागले की भाषण होतं.

तर बातमी ही की, मी आज अर्ज टाकला. २७ ते ३०, चार दिवस. बसने अकरा तास जायला, अकरा यायला. भिंतीवर काचेत लावलेली नियमावली आठवते? 'प्रत्येक कामगारास वर्षाला पंधरा दिवस हक्काची रजा.' काच रोज पुसतात. रजा मात्र आजवर एकानेही पाहिलेली नाही.

बघूसाहेबांनी (मालकांना तू ठेवलेलं नाव अजून चालू आहे) अर्ज वाचला, चहा मागवला आणि म्हणाले, "ताई, मी आजवर कोणाची रजा नाकारली आहे का? एकाची दाखवा."

"मंजूर केलेली एक दाखवा."

"अहो, अर्जच अपुरे येतात, त्याला मी काय करू? हा शेवटचा रकाना बघा. 'रजेच्या काळात काम कोण सांभाळेल? त्याची सही.' कोरा आहे. भरून आणा. मग बघू."

मी तडक बाहेर आले, रिकामी बादली उलटी केली आणि तिच्यावर चढले. काय बोलले ते आता सगळं आठवत नाही. हक्क काचेत ठेवायला तो काय चांदीचा पेला आहे का, असं काहीतरी म्हणाले. टाळ्या पडल्या! व्हार्निशकाकांनी ब्रश वर केला. तुझ्या जागी आलेला माणूस, त्याला सहा वर्षं झाली तरी आम्ही 'नवा'च म्हणतो, त्याने शिट्टी मारली.

आणि टाळ्या थांबल्यावर टोपीवाली, ध्रुवांवर गोल टोप्या चिकटवता चिकटवता, मान वर न करता म्हणाली, "छान झालं भाषण. आता खाली उतर आणि सांग, सही कोण करणार?"

मी उतरले. पण येते, भिंगरे. येतेच.

तुझी ताई


गुरुवार, ६ तारीख

भिंगरे,

सही कोण करणार, याचं उत्तर असं की माझं काम मला सोडून कोणालाच येत नाही. आणि यात मालकांचा हात अर्धाच आहे.

काकांकडे गेले. "काका, माझ्या अर्जावर सही करा."

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "मला पट्ट्या लावता येतात का?"

"नाही."

"का येत नाहीत?"

मी बोटांवरची वाळलेली खळ खरवडू लागले.

"सात वर्षांपूर्वी मी तुझ्याकडे आलो होतो. म्हटलं, शिकव मला, मी तुला व्हार्निश शिकवतो, म्हणजे एकमेकांना चार दिवस तरी मोकळं करू. तू काय म्हणालीस?"

मला आठवत होतं. मी म्हणाले होते, "त्याला तसा हात लागतो, काका." भर शेडमध्ये. सगळे हसले होते, मीही हसले होते.

त्यांना काकूंना समुद्र दाखवायचा आहे. लग्नात दिलेला शब्द. दरवर्षी अर्ज टाकतात, दरवर्षी शेवटचा रकाना कोरा. आता काकूंची नजर चालली आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, काय बघायचं असेल ते दोन-तीन महिन्यांत बघून घ्या. हे मला आज कळलं. एका छपराखाली अकरा वर्षं!

बघ कसं जाळं आहे. मालक कोणाला 'नाही' म्हणतच नाहीत. प्रत्येकाला बाजूला घेऊन म्हणतात, "तुमच्यावाचून माझं अडतं हो." आणि आपण त्या एका वाक्यावर फुगतो, आपलं काम पदराखाली झाकतो आणि शेजाऱ्याचा रकाना कोरा ठेवतो. कुलूप त्यांचं, पण किल्ली प्रत्येकाच्या खिशात दुसऱ्याच्या दाराची! बादलीवर चढून मी हे बोलायला हवं होतं.

तर आजपासून डब्याच्या सुट्टीत शाळा. काकांना मी पट्ट्या शिकवते, ते मला व्हार्निश. बाद झालेले गोल आणि रद्दीतल्या पट्ट्या घेतल्या. कागद खळीने भिजला की फुगतो, बावीस आकडे मोजल्याशिवाय गोलावर ठेवायचा नाही, हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. आज मोठ्याने सांगितलं. सांगताना दात काढल्यासारखं दुखलं आणि नंतर तसंच हलकं वाटलं.

काकांचा पहिला गोल ऐक. त्यांनी बारा पट्ट्या लावल्या, एकही सुरकुती नाही, मी शाबासकी द्यायला गोल फिरवला, तर एक अख्खा देश दोनदा! रद्दीत दोन संच मिसळलेले. सातवी पट्टी दोनदा लागली आणि आठवी, महासागराची, गायब. टोपीवालीला हसून ठसका लागला. "काका, तुमच्या पृथ्वीवर सुट्टी घेऊन शेजारच्या देशात गेलं तरी आपलंच घर!"

"आणि काकूला दाखवायचा तोच समुद्र खाल्ला मी," काका म्हणाले, आणि तेही हसले.

तो गोल मी ठेवून घेतलाय.

ताई


मंगळवार, ११ तारीख

भिंगरे,

शाळा जोरात आहे. टोपीवाली आणि नवा आता एकमेकांचं काम शिकताहेत. मी काल एका बैठकीत तीन गोलांना व्हार्निश केलं, एकही बुडबुडा नाही. काकांची पट्टी आता बावीस आकड्यांनी नाही, बोटाच्या अंदाजानं बसते. डबे उघडायचं भान राहत नाही. आम्ही एवढे हसतो की बघूसाहेब दोनदा काचेतून डोकावून गेले.

हे सगळं मी तुला लांबण लावून सांगते आहे. कारण पुढचं सांगायचं नाहीये.

आज नव्याचं बोट पत्र्याने कापलं. टोपीवालीला आस घालायला अजून नीट जमत नाही. गोल अर्धवट अडकलेला. मी सहज पुढे झाले, आस कलता धरला, खालची खीळ अंगठ्याने दाबली, वरची फिरवली, गोल स्टँडवर बसला. दोन मिनिटं लागली असतील.

मान वर केली तर टोपीवाली माझ्याकडे बघत होती. ती तेव्हाही होती ना.

"तुला हे कधीपासून येतं?"

मी म्हटलं, "आत्ताच बघून..."

"खोटं बोलू नकोस. हात बघितले मी तुझे."

भिंगरे, मला ते तेव्हाही येत होतं.

आई आजारी पडली, तू तीन दिवसांचा अर्ज टाकलास, मालकांनी तुझ्यादेखत मला विचारलं, "ताई, आस घालायला येतं का तुम्हाला? येत असेल तर करा सही." मी म्हणाले, "नाही येत." दोन वर्षं तुझ्या शेजारी बसून, तुझे हात बघून मी शिकले होते. सही केली असती तर त्या दुपारच्या बसने तू गेली असतीस. चौथ्या दिवशी आई गेली.

मी तुझ्यासाठी मालकांशी भांडले नाही, पाठीशी उभी राहिले नाही, म्हणून तू मला सोडून गेलीस. एवढंच तुला माहीत आहे. खरं त्याहून वाईट आहे.

स्वतःला मी सांगत आले की, एका बाईला दोन कामं येतात हे कळलं तर ते तुला काढून टाकतील, म्हणून तुझ्या भल्यासाठी नाही म्हणाले. हे छान कारण आहे. यावर मी बादलीवर चढून बोलू शकेन. पण तसं नव्हतं. मालकांच्या त्याच ड्रॉवरमध्ये, त्याच दिवसांचा माझाही अर्ज होता. आईने निरोपात तुला बोलावलं होतं. मला नाही. माझ्या अर्जावर सही करणारं कोणी नव्हतं, म्हणजे मी जाणार नव्हतेच. पण मी नाही तर तूही नको, असं मला त्या एका क्षणी वाटलं. एकच क्षण. तेवढा पुरला.

आता तू म्हणशील, येऊच नकोस. म्हण. पण अर्ज मी मागे घेणार नाही. तुझ्यासमोर उभं राहून ऐकेन.

ताई


रविवार, १६ तारीख

भिंगरे,

चार दिवस मी पोस्टमनला इतकं छळलं की काल तो लांबूनच ओरडला, "आलंय, आलंय, धावू नका!"

एकच ओळ लिहिलीस. "माझे हात बघून शिकलीस, तर सांग, सगळ्यात शेवटी मी काय करायचे?"

शिवी नाही. नातं तोडल्याचं पत्र नाही. परीक्षा घेतेस! घे!

गोल स्टँडवर बसला की तू कान जवळ न्यायचीस. एका बोटाने फिरवायचीस, उजव्या हाताच्या मधल्या बोटाने, कारण पहिल्याला कायम जखमेची पट्टी. घरघर आली तर खालची खीळ पाव फेरा सैल करायचीस. नाही आली तर गोल आपसूक थांबेपर्यंत हात लावायचा नाही. आणि थांबला की त्याच्या कानात सांगितल्यासारखं हळूच म्हणायचीस, "जा."

प्रत्येक गोलाला. मालकांना वाटायचं, तू मोजतेस. मला ऐकू यायचं.

बरोबर आहे का?

ताई


गुरुवार, २० तारीख

भिंगरे,

आज इतिहास घडला आणि मी २८ तारखेला येऊ शकत नाही. दोन्ही एकाच कागदाने झालं. नीट सांगते.

सकाळी चौघांनी मिळून चार अर्ज नेले. चारही अर्जांचा शेवटचा रकाना भरलेला! बघूसाहेबांनी एकेक उलटून पाहिला, जणू मागच्या बाजूला खरा मजकूर आहे.

"सगळ्यांना सगळं येतं म्हणता?"

"थोडं थोडं. रोज वाढतंय."

"मग ताई, आता मी कोणालाही काढू शकतो, हे लक्षात आलं का तुमच्या?"

मला हीच भीती सहा वर्षं पुरली होती. आणि ती समोर येऊन बसली तेव्हा एवढीशी निघाली. मी म्हटलं, "आलं ना. आणि एकाला काढलंत तर उरलेले तिघं त्याच दिवशी आपले पंधरा पंधरा दिवस घेतील, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. काचेत लिहिलंय."

टोपीवाली म्हणाली, "काच मीच पुसते. पाठ आहे मला."

ते बराच वेळ पेन फिरवत बसले. मग त्यांच्या चेहऱ्यावर ते गोड हसू आलं, तुला माहीत आहे ते. "ठीक आहे. पण एका वेळी एकच. आणि ज्याचा अर्ज सर्वांत जुना, त्याचा नंबर पहिला. न्याय म्हणजे न्याय." ड्रॉवरमधून त्यांनी काकांचा सात वर्षांपूर्वीचा पिवळा पडलेला अर्ज काढला. "काका, २६ ते ३०. चालेल? मग व्हार्निशला कोण? ताईंची सही आहे. म्हणजे ताई इथेच."

डाव कळला ना? काका गेले तर मी अडकले. मी गेले तर काका अडकले. भांडा आपसात, आणि रकाने पुन्हा कोरे.

काका लगेच म्हणाले, "मी पुढे ढकलतो. सात वर्षं गेली, अजून एक महिना. ताई, तू जा, तुझी बहीण चाललीय."

आणि खरं सांगते, मी तोंड उघडलं होतं. 'बरं' म्हणायलाच. तुझा चेहरा डोळ्यांपुढे आला, जहाज आलं, धक्का आला. मग काकू आल्या. मी त्यांना एकदाच पाहिलंय. त्या डबा देताना काकांचा हात चाचपून शोधत होत्या.

तीच खोली, गं. तोच मालक, तोच प्रश्न, फक्त काम वेगळं. "ताई, येतं का तुम्हाला?"

"येतं," मी म्हटलं. "व्हार्निश मला येतं. काकांचा अर्ज मंजूर करा."

आता मंजूर करायचं तर शिक्का हवा. साहेबांनी ड्रॉवर उपसला, तळाशी 'मंजूर'चा शिक्का सापडला, कागदाच्या वेष्टनात, कधीच न उघडलेला! आणि शाईची गादी वाळून दगड. चेहरा बघायला हवा होतास. "शाई नाही. उद्या बघू," असं ते म्हणेपर्यंत टोपीवाली धावत जाऊन समुद्र दुरुस्त करायचा निळा रंग घेऊन आली. शिक्का त्यात बुडवला आणि काकांच्या अर्जावर दाबला. 'मंजूर.' समुद्राच्या निळ्यात. काका तो कागद दोन्ही हातांत धरून उभे होते. रंग ओघळू नये म्हणून फुंकर घालत होते, आणि ओठ थरथरत असल्यामुळे फुंकर नीट येत नव्हती.

मी तुला सोडलं असं समजू नकोस. किंवा समज. मी दुसऱ्यांदा तुझ्या बाजूने उभी राहत नाहीये, हे खरंच आहे. पण या वेळी मी खोटं बोलले नाही.

ताई


मंगळवार, २५ तारीख

भिंगरे,

हे पत्र पोस्टाने नाही, काकांच्या हाती येतंय. काकूंना समुद्र दाखवायचा तर तुझ्याच बंदरावर का नाही? उद्याच्या बसने निघतात. २८ च्या सकाळी दोघं धक्क्यावर असतील. काकांच्या हातात गोल असेल, म्हणून ओळखशील.

तुझं कालचं कार्ड मी छातीशी धरून शेडभर फिरले. "सहा तारखेला जहाज दुसऱ्या बंदरात माल भरायला थांबतं. दोन दिवस." 'ये' लिहिलं नाहीस. 'येऊ नकोस'ही लिहिलं नाहीस. जिथे थांबतं तेवढं सांगितलंस. मला पुरे! मला भरपूर आहे!

लगेच नवा अर्ज लिहिला, ५ ते ८. आणि बघूसाहेबांना त्यांचाच नियम ऐकवला. "एका वेळी एकच. काका तीस तारखेला परत. म्हणजे पाच तारखेला रजेवर कोणी नाही. पट्ट्यांना काकांची सही आहे."

"काकांनी माझ्यासमोर एक गोल करून दाखवावा," ते म्हणाले.

आज सकाळी काका बसले. आम्ही कामं सोडून भोवती. खळ लावली. टोपीवाली मनातल्या मनात मोजत होती, तिचे ओठ हलत होते. बारा पट्ट्या. सातवीनंतर काका थांबले, आठवी उचलली, उलटसुलट बघितली, आमच्याकडे बघून डोळा मारला आणि समुद्र जागच्या जागी बसवला. मालकांनी भिंग काढलं. सांधा सांधा तपासला, गोल तीनदा फिरवला. कुठे काही सापडेना. शेवटी सवयीने तोंडातून निघालंच, "बरं, बघू..."

आम्ही चौघं एका सुरात ओरडलो, "बघितलंत ना!"

ते दचकले. मग, भिंगरे, ते हसले. गोड हसू नाही, खरं. पहिल्यांदाच त्यांचे दात पाहिले. शिक्का मारताना पुटपुटले, "मी स्वतः शेवटचा कधी गेलो होतो कुठे, आठवत नाही." टोपीवाली म्हणाली, "अर्ज टाका साहेब. सही कोण करणार ते मात्र आम्ही बघू."

काकांकडे जो गोल आहे तो विकायचा नाही, तुझा आहे. त्याच्यावर एक देश दोनदा आहे आणि एक महासागर नाही. व्हार्निश माझं. आस मी घातला आहे, कान लावून, बोटाने फिरवून. घरघर नाही. पण शेवटचा शब्द मी त्या गोलाला बोलले नाही. तो सहा वर्षं माझ्याकडे तुझं देणं आहे. आईकडे जायला निघाली होतीस तेव्हा माझ्या तोंडून यायला हवा होता. काकांना सांगून ठेवलाय. जहाजाचा दोर सुटला की ते धक्क्यावरून ओरडतील. त्यांचा आवाज मोठा नाही, म्हणून काकूही ओरडणार आहेत.

जा!

सहा तारखेला मी दुसऱ्या बंदरात असेन, सकाळपासून, फाटकाबाहेर. आवाज करणार नाही, भाषण करणार नाही, कोणाच्या बादलीवर चढणार नाही. जहाजावरून खाली उतरायचं की नाही ते तू ठरव. त्यावर दुसऱ्या कोणाची सही लागत नाही.

तुझी
ताई